नाना आणि त्यांचा चिखल

नाना,

परवा तुमची शोकसभा झाली. मंगल कार्यालय भरून लोक बाहेर रस्त्यावर उभे होते. ज्यांनी जन्मात घाटमाथा क्लबचा एक सामना पाहिला नाही ती माणसं माईक धरून सांगत होती की नाना म्हणजे लोणावळ्याच्या फुटबॉलचा बाप. एकाने तर तुमच्या क्रिकेटप्रेमाचे गोडवे गायले, त्याला कोणी थांबवलं नाही. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. मलाही बोलायचं आहे अशी चिठ्ठी मी पुढे पाठवली होती. सूत्रसंचालकाने ती उघडली, माझ्याकडे पाहिलं आणि घडी करून खिशात टाकली. मग लगेच आभार, लगेच दोन मिनिटं शांतता आणि लगेच चहा.

उठताना आपला कप्तान सलीम कानाशी येऊन म्हणाला, “मावशी, बरं झालं. तुमी बोलला असता तर नाना फोटोतनं उठून बाहेर गेलं असतं.”

“जाऊ दे की,” मी म्हटलं. “बाहेर गाठलं असतं. माझं भांडण अर्धं राह्यलंय.”

खरंच राहिलं आहे, म्हणून लिहिते आहे. तुमचा जन्म कुठला, लॉज कसं उभं केलं, कोणाकोणाला मदत केली, हे सगळं तिथे सांगून झालं. त्यातलं मला काही सांगायचं नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की घाटमाथा फुटबॉल क्लबचे तुम्ही एकटे मालक होतात, ती सगळी वर्षं आपण हरत राहिलो, आणि तुमच्यामुळे हरत राहिलो. हे मी तुमच्या तोंडावर म्हणत आले. पाठीमागे कधी बोलले नाही, आणि तुम्ही गेलात म्हणून आता ती सवय लावून घेणार नाही.

तुम्हाला आठवतं का, मी तुमच्या मैदानावर पहिल्यांदा आले ते फुटबॉलसाठी नव्हे. मी आंदर मावळातली. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन डोंगर उतरायचं, कामशेतला लोकल धरायची, लोणावळ्यात हॉटेलांच्या मागच्या दारांनी भाजी विकायची. दुपारी परतीची लोकल मिळायला बराच वेळ लागायचा. फलाटावर बसलं की कोणीतरी हुसकायचं. तुमच्या लॉजमागच्या मैदानाला आंब्याची सावली होती, आणि तिथून कोणी हुसकत नव्हतं. त्या दुपारी पोरं चिखलात एका चेंडूमागे पडली होती. मला आधी मारामारीच वाटली. मग हळूहळू कळायला लागलं की कोणी कुठे जायला पाहिजे आणि कोण कुठे चाललं आहे. गोलकीपर भलतीकडेच बघत उभा होता. माझ्याच्याने राहवेना.

“अरं मुडद्या, बॉल तिकडं हाय! हिकडं कुनाची वरात बघतोस?”

तुम्ही छत्रीखाली खुर्ची टाकून बसला होतात. तुम्ही वळलात आणि कोणालातरी विचारलंत, “त्या कोण?” तो म्हणाला, “भाजीवाली आहे, नाना.” तुम्ही मला चहा पाठवलात. मी चहा प्यायले आणि दुसऱ्या गोलला पुन्हा ओरडले. त्या दिवशी आपण हरलो. पाटी रिकामी होती, तरी घरी जाताना डोकं जड झालं होतं. एवढ्या लांबून चालत येणारी बाई दुसऱ्यांच्या पोरांच्या हरण्याने का चिडते, हे मला तेव्हा समजलं नाही. आजही नीट सांगता येत नाही. आमच्याकडे दिवसभर राबून हातात काही पडलं नाही तर चिडायची सोय नसते, कारण चिडणार कोणावर? पावसावर, की नशिबावर? इथे मात्र समोर खुर्चीत माणूस बसलेला होता.

पाटीची हातगाडी झाली, हातगाडीचा टेम्पो झाला. आज निम्म्या लोणावळ्याच्या हॉटेलांत माझी भाजी जाते. हे मी तोंडाच्या जोरावर केलं. मार्केटमधले दलाल मला बघून आधी हात जोडतात आणि मग भाव सांगतात. आचारी, मॅनेजर, बंगल्यांचे माळी, सगळ्यांशी मी भांडले आहे, आणि भांडून झाल्यावर त्यांच्याशीच धंदा केला आहे. भाव करणं म्हणजे समोरच्याला माणूस म्हणून मोजणं. तो एक बोलणार, मी एक बोलणार, मधे कुठेतरी दोघांची गाठ पडणार.

तुमच्या लॉजची भाजी मी वर्षानुवर्षं दिली. तुम्ही एकदाही माझ्याशी भाव केला नाहीत. मी सांगेन तो भाव, “बरं, हिराबाई,” आणि विषय संपला. सभेत यालाच दिलदारपणा म्हणाले. मला तो अपमान वाटायचा. मुद्दाम चढा भाव सांगून पाहिला, तरी “बरं, हिराबाई.” माझ्याशी घासाघीस करण्याएवढीही मी तुमच्या लेखी कोणी नव्हते. क्लबच्या बाबतीतही तुम्ही हेच केलंत. मी म्हणायचे, गोलकीपर बदला. तुम्ही हसायचात. मी म्हणायचे, पुण्याहून शिकवणारा माणूस आणा. तुम्ही हसायचात. तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी पुढे बोलले असते. हसण्यापुढे माणूस काय बोलणार?

आणि तो चिखल. नाना, तो चिखल!

आपल्याकडचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे. त्या मैदानात बैल घातला तर पाय काढताना दमेल. तिथे चेंडू जमिनीवरून जात नाही. मारला की थोडा सरकतो आणि रुततो. म्हणून आपली पोरं चेंडू उचलून मारायला शिकली. उचलून मारायचा, सगळ्यांनी तिकडे पळायचं, जो आधी पोहोचेल तो पुन्हा उचलून मारेल. एकदा भर पावसात पुण्याचा एक नावाजलेला संघ मैत्रीचा सामना खेळायला वर आला. त्यांचे पांढरे मोजे पहिल्या मिनिटाला काळे झाले. ते घसरत होते, पडत होते, एकमेकांना धरून उठत होते. आपण चार गोल केले, त्यांना एकही जमला नाही. तुम्ही छत्री फेकून देऊन पावसात नाचलात. मीही नाचले, खोटं का बोलू? पोरांनी तुम्हाला खांद्यावर घेतलं आणि घसरून सगळे खाली आलात.

त्या एका दिवसाने आपला घात केला. तुमच्या डोक्यात बसलं की घाटमाथ्याचा खेळ म्हणजे चिखलातला खेळ. पण लीग काय पावसात होते? लीग व्हायची थंडीत, पुण्यात, ठणठणीत जमिनीवर. तिथे चेंडू पळतो. आपली पोरं तो उचलून मारायची, समोरची पोरं तो जमिनीवरून एकमेकांकडे देत देत आपल्या गोलात नेऊन ठेवायची. चिखलासाठी तुम्ही हौसेने घेतलेले उंच स्टडचे, तळाला लांब खुंट्या असलेले बूट कडक जमिनीवर दगडावर चालल्यासारखे लागायचे. सलीमचा गुडघा त्याच बुटांनी गेला. तो पर्यटकांना पॉइंट दाखवायची जीप चालवतो. अजून क्लच दाबताना तोंड वाकडं करतो.

आणि तुम्ही काय केलंत? दिवाळीनंतर आपलं मैदान वाळायला लागलं की लॉजच्या विहिरीवर पंप लावून तुम्ही ते भिजवायला लागलात! देवाशपथ, दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. थंडीत, उन्हात, गड्याला पाइप धरून उभं केलेलं, आणि तुम्ही बोट दाखवून सांगताय, “तो कोपरा राहिला.” मी भाजीचा टेम्पो घेऊन आले होते. तिथूनच ओरडले.

“नाना, भात लावताय व्हय?”

“सवय मोडायला नको पोरांची,” तुम्ही म्हणालात.

“हरायची सवय तरी मोडा!”

तुम्ही हसलात आणि गड्याला म्हणालात, “बाईंना चहा सांग.”

सामन्याच्या दिवशी सकाळी लॉजवर पोरांना मटण-भाकरीचं जेवण घालायचात तेही तसंच. तुमचं म्हणणं, उपाशी पोटी कोण लढलं आहे? जेवण खरोखर फर्मास असायचं. कांदा-कोथिंबीर माझीच. स्वतः वाढायला उभे राहायचात. पोराने पुरे म्हटलं की तुम्हाला राग यायचा. मग पहिल्या अर्ध्या तासात दोन गोल खाऊन पोरं कमरेवर हात ठेवून उभी. एकदा आमचा बॅक मैदानावरच ओकला. समोरचा संघ हसत होता. मी त्या दिवशी तुमच्याशी बोलले नाही, तर तुम्ही सलीमला विचारलंत, “हिराबाईंना बरं नाही का?”

हे सगळं एखाद्या कंजूष, लबाड माणसाने केलं असतं तर माझं काम सोपं होतं. त्याच्यावर सरळ रागावता आलं असतं. पोरांच्या आजारपणात तुम्ही धावलात, सलीमच्या बहिणीच्या लग्नात मांडवापासून जेवणापर्यंत सगळं तुम्ही पाहिलंत. मला टेम्पो मिळत नव्हता तेव्हा जामिनाच्या कागदावर सही तुमचीच होती, आणि सही करताना तुम्ही वर मान करून पाहिलंही नाहीत, जणू लॉजच्या पाहुण्याची नोंद करताय. त्याचे आभार मी तेव्हा मानले नव्हते. आज मानते. पण उपकारांनी गोल होत नाहीत, नाना. तुम्ही पोरांना सगळं दिलंत, फक्त त्यांचा क्लब त्यांना दिला नाहीत. कमिटी म्हणजे तुम्ही, तुमच्या मंडळी आणि तुमचा श्रीकांत. मंडळी बिचाऱ्या फुटबॉलच्या आवाजाने डोकं दुखतं म्हणायच्या, श्रीकांतने मैदानावर पाय ठेवला असेल तो गाडी लावायला. आणि जी पोरं गुडघे फोडून घेत होती त्यांच्यातला एकही नाही.

गेल्या हंगामातला शेवटचा सामना तुम्हाला आठवत असेलच. तो हरलो तर आपण खालच्या गटात जाणार होतो. हरलो. आपण बसने परत येत होतो. देहूरोड गेलं, बेगडेवाडी आलं, आणि मी खिडकीतून बाहेर बघितलं. तिथे एका शेतकऱ्याची पडीक जमीन आहे, सपाट, कोरडी. लोणावळ्यात ढग फुटला तरी तिथे चार थेंब पडतात. माझी त्याच्याकडून भाजीची खरेदी असते. मी आधीच त्याच्याशी बोलून ठेवलं होतं. पोरांनी हवं तेव्हा येऊन खेळावं, बदल्यात त्याची भाजी मी दुसऱ्या कोणाच्या आधी उचलायची. मी तुमच्या सीटपाशी आले आणि सांगितलं. लोकलने पोरं आरामात येतील. आठवड्यातून चार दिवस कोरड्या जमिनीवर खेळतील. एका वर्षात फरक दिसेल.

तुम्ही म्हणालात, “लोणावळ्याचा संघ लोणावळ्यात सराव करणार.”

“लोणावळ्यात हरणार आन पुण्यातबी हरणार.”

“हरू दे,” तुम्ही म्हणालात. “आपल्या मातीत तर आहोत.”

मागच्या सीटवर सलीम गुडघ्याला बर्फ लावून बसला होता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. त्या क्षणी मला तुमचा जेवढा राग आला तेवढा कधी आला नव्हता. आपल्या मातीत तुम्ही खुर्चीवर होतात, नाना. मातीत तो होता.

मग पाऊस लागला आणि तुम्ही अंथरुणाला खिळलात. मी भेटायला आले तेव्हा तुमची खाट मैदानाकडच्या खिडकीला लावली होती. मंडळींनी मला सांगून ठेवलं, “हिराबाई, आज फुटबॉल नको.” मी हो म्हटलं. दोन मिनिटं तब्येतीची चौकशी झाली. तिसऱ्या मिनिटाला तुम्हीच सुरू झालात.

“मैदान कसं आहे?”

“म्हशी सोडाव्या असं.”

“छान,” तुम्ही म्हणालात. आणि मग डोळे मिटूनच, “तुमच्या बेगडेवाडीला काय आहे असं?”

इतक्या वर्षांत तुम्ही मला पहिल्यांदा उलटा प्रश्न विचारला होता. गिऱ्हाईक वळलं की मला लगेच कळतं. मी म्हटलं, “कोरडी जमीन हाय, नाना.”

“कोरडी जमीन काय, सगळीकडे असते, हिराबाई.”

एवढ्यात मंडळी औषध घेऊन आल्या आणि मला उठावं लागलं. त्या वाक्याचा अर्थ मी अजून लावते आहे. सगळीकडे असते, मग जा कुठेही, असं म्हणत होतात? की सगळीकडे असते, त्यात काय मोठं, असं? दारात मी वळले होते. तुम्ही खिडकीकडे बघत होतात. उद्या येऊन पुढचं बोलू म्हटलं. दोन दिवस टेम्पोच्या मागे गेले, आणि तिसऱ्या दिवशी सलीमचा फोन आला.

आता तुम्ही गेल्यानंतर काय झालं ते सांगते. इथून पुढचं तुम्हाला आवडणार नाही.

तेरावा झाल्यावर श्रीकांतने मला आणि सलीमला लॉजवर बोलावलं. नवीन हंगामात नाव द्यायची वेळ आली होती, आणि क्लबच्या वतीने सही करू शकणारा आता तोच एक उरला होता. मंडळींनी हात जोडले होते. सही झाली नाही तर घाटमाथा लीगमधून बाद. आमची चांगली पोरं पिंपरीकडचे क्लब टिपायला बसलेच आहेत. दोन महिन्यांत सगळी पांगली असती आणि क्लब तुमच्या फोटोबरोबर भिंतीवर गेला असता.

श्रीकांत वाईट पोरगा नाही. त्याने आधी चहा मागवला, तुमच्यासारखाच. मग म्हणाला, “मावशी, क्लब बाबांचा होता. बाबा गेले. मला त्यातलं कळत नाही आणि सही करून जबाबदारी घ्यायची नाही. यंदा नको. मैदान मात्र तुमचंच समजा. पोरांनी वाटेल तेवढं खेळावं. मी काही म्हणणार नाही.”

सलीमचा चेहरा पडला. मी मात्र श्रीकांतकडे बघत होते. बोलताना तो मैदानाच्या खिडकीकडे मुद्दाम पाठ करून बसला होता. बाहेर शनिवारची गर्दी, रस्त्यावर गाड्या एकीमागे एक लागलेल्या, त्याचा मॅनेजर कोणाच्या तरी ड्रायव्हरशी हुज्जत घालत होता, गाडी लावायला जागा नाही म्हणून. बाजारात गिऱ्हाईक ज्या पाटीकडे मुद्दाम बघत नाही, तीच त्याला न्यायची असते. माझी हयात त्यात गेली आहे.

“श्रीकांत,” मी म्हटलं, “तुला मैदान पायजे का?”

तो ताडकन उभा राहिला. “काय बोलता मावशी! बाबांचं मैदान आहे ते. लोक तोंडात शेण घालतील माझ्या.”

“तू घेतलंस तर घालतील. आमीच सोडून गेलो तर?”

तो बसला. चहा थंड होत होता.

“म्हणजे?”

“आमी गावात सांगतो, चिखलात खेळून गुडघं गेलं, आमाला हे मैदान नको. तुला कुनी काय म्हणायचं न्हाई. तू क्लब पोरांच्या हवाली कर. कमिटीत सलीम, मी, आन पोरं निवडतील ती. यंदाची सही आत्ता, बाकीचं म्हयन्याभरात.”

श्रीकांतने थंड झालेला चहा संपवला. मग त्याने भाव सुरू केला, आणि नाना, तुमच्या घरात पहिल्यांदा कोणीतरी माझ्याशी भाव केला.

“बाबांचं नाव राहिलं पाहिजे. कायम. शर्टावर.”

“राहील. बारीक अक्षरात, बाहीवर.”

“छातीवर. मोठं.”

“छातीवर घाटमाथा. नाना खाली.”

“नाना वर, नाहीतर राहू दे.”

“मग घाटमाथा पाठीवर, नंबराच्या वर, तेवढ्याच मापात.”

“चालेल,” तो म्हणाला, आणि पेन शोधायला लागला. त्याच्या चेहऱ्यावर असं काही हलकेपण आलं की मला त्याची दया आली. त्यालाही तुम्ही कधी काही मागू दिलं नव्हतं.

जिन्यावरून सलीम माझ्या पुढे उतरला. खाली आल्यावर म्हणाला, “मावशी, नानांचं मैदान दिलंत तुमी.”

“टीम घेतली.”

“व्हय. पण मैदान दिलंत.” आणि तो जीपकडे न जाता मागच्या बाजूला गेला. मी टेम्पोत बसून वाट पाहिली. बऱ्याच वेळाने आला तेव्हा त्याचे बूट घोट्यापर्यंत चिखलाने भरलेले होते. मी विचारलं नाही.

ही बातमी गावात पसरायला एक सकाळ पुरली. कार्ल्याच्या फाट्यावर मक्याची कणसं विकणाऱ्या बायकांनाही ती माझ्या आधी कळली होती. मार्केटमध्ये गाळ्यावरचा एक जण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “भाजी विकता विकता मैदानबी विकलं.” ज्या हॉटेलला मी कधी एक दिवस भाजी चुकवली नाही, त्याच्या मॅनेजरने तोंड फिरवलं. सभेत माझी चिठ्ठी खिशात का गेली, तेही तुम्हाला आता समजलं असेल. त्या सभेत तुम्ही मैदान देणारे होतात आणि मी ते घालवणारी. श्रीकांतचं नाव कोणी काढलं नाही. त्याने पहिल्या रांगेत बसून डोळे पुसले, आणि ते अश्रू खोटे नव्हते.

मी कोणाला उत्तर दिलं नाही. पण तुम्हाला देते. हा सौदा तुम्ही करायचा होता. तुमच्या तोंडून एकदा गेलं असतं, “पोरं बेगडेवाडीला जातील, क्लब पोरांचा,” तर मैदानही राहिलं असतं आणि क्लबही. श्रीकांतची काय हिंमत होती? तुम्ही दोन्ही मुठी आवळून गेलात, आणि एक मूठ उघडण्यासाठी दुसरीतलं द्यायची वेळ माझ्यावर आली. नाव मात्र तुमचं स्वच्छ राहिलं. मरणातही तुम्ही माझ्याशी भाव केला नाहीत.

गेल्या रविवारी बेगडेवाडीला पहिला सराव झाला. जमीन कोरडी, ऊन छान. सलीमने पहिला चेंडू जमिनीवरून सारला आणि तो पळत सुटला. पोरं जागच्या जागी उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली. चेंडू आपोआप थांबत नाही, त्याच्यामागे जावं लागतं, हे त्यांच्या पायांना माहीतच नव्हतं. दुपारी तिथल्याच कंपनीतल्या पोरांशी सामना लावला. ती पोरं रात्रपाळी करून आली होती, तरी आम्हाला हरवून गेली. एकदा नव्हे, तीनदा चेंडू आमच्या पायांमधून गेला.

लोणावळ्याहून बघायला आलेली पाच-सहा माणसं कडेला उभी होती. त्यांच्यातला एक जण मागून ओरडला, “ओ मावशी! ह्याच्यासाठी मैदान घालवलंत व्हय? आता कुनाच्या नावानं बोंबलणार?”

माझं तोंड किती चालतं तुम्हाला माहीत आहे. त्याच्या सात पिढ्यांना पुरेल एवढं तयार होतं. मी वळले नाही. समोर बघत राहिले. सलीम लंगडत पोरांना हाताने जागा दाखवत होता, हितं थांब, तितं जा, आणि पोरं ऐकत होती पण चेंडू ऐकत नव्हता. मागचा माणूस पुन्हा ओरडला. मी बाजूच्या पोराला म्हटलं, त्याला चहा दे.

म्हटल्यावर माझं मलाच कळलं.

तुम्ही हसून चहा पाठवायचात त्याला मी घमेंड म्हणत आले. मला तुम्ही काडीची किंमत देत नाही, असं समजून इतकी वर्षं मी जीव खाऊन ओरडले. रविवारी मी उत्तर दिलं नाही त्यात घमेंड नव्हती, नाना. माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोरं हरत होती आणि मला काय करावं ते कळत नव्हतं, एवढंच.

तुम्हालाही कळत नव्हतं का? तसं असेल तर एकदा म्हणायचं होतं. खुर्चीतून मागे वळून नुसतं म्हणायचं, “हिराबाई, मला सुचत नाही.” मी त्याच दिवशी पाटी खाली ठेवून तुमच्या शेजारी येऊन बसले असते. भांडलो असतो, पण दोघं मिळून भांडलो असतो. ते तुम्ही म्हणाला नाहीत. याची माफी मात्र तुम्हाला माझ्याकडून मिळणार नाही.

हिराबाई